माकडहाडाचा रकाना

शिंपीकाम हा बसून करायचा व्यवसाय आहे. माप उभ्याने घेता येतं, कापड उभ्याने बेतता येतं, गिऱ्हाइकाला थापाही उभ्याउभ्याच मारता येतात; पण टीप मारायला बसावंच लागतं. मास्तर एकोणचाळीस वर्षं पायमशीनपुढच्या एकाच लाकडी स्टुलावर बसत आले होते. त्यामुळे एका सोमवारी सकाळी ते बसले आणि विजेचा झटका लागावा तसे ताडकन उठले, तेव्हा त्यांनी सर्वप्रथम स्टूल तपासलं. खिळा वर आला नव्हता. मग पँट चाचपून पाहिली. ती त्यांनी स्वतः शिवली होती, तेव्हा तिच्यात सुई राहिली असेल ही शंकाच त्यांना अपमानास्पद वाटली, तरी पाहिलं. सुई नव्हती. जे काही टोचत होतं ते आत होतं, माकडहाडाच्या जरा वर, आणि दिवसेंदिवस खोल जात होतं.

आजार अंगाच्या कुठल्या भागाला व्हावा याला फार महत्त्व आहे. छातीत दुखलं की माणसं गंभीर होतात. माकडहाड दुखतं म्हटलं की आधी हसतात, मग उशी देतात. पाच महिन्यांत मास्तरांच्या दुकानात चौदा उशा जमल्या. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी मलम दिलं, नंतर दुसऱ्या रंगाचं मलम दिलं, आणि शेवटी ट्यूबा संपल्यावर मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथे स्कॅन झाला, सुई घालून तुकडा काढला, आणि किरणोपचार विभागाच्या डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना व त्यांच्या बायकोला समोर बोलावलं. बायको बसली. मास्तर उभे राहिले.

"मास्तर, गाठ कर्करोगाची आहे," बाई म्हणाल्या. "पण सावकाश वाढणारी आहे. आणि अतिशय दुर्मिळ. दहा लाखांत एखाद्याला होते."

मग मास्तरांच्या बायकोने पदर सारखा केला आणि म्हणाली, "जन्मभर यांचा कशात म्हणून नंबर लागला नाही हो. लागला तो इथे!"

बाई हसल्या. मास्तरही हसले, आणि हसल्यावर दुखलं म्हणून थांबले. "कापून नाही काढता येणार?"

"काढता येईल. पण पायाच्या आणि लघवीच्या नसा तिथूनच जातात."

"म्हणजे आस्तरासकट कापावं लागणार."

"अगदी बरोबर बोललात. त्यापेक्षा किरणांनी मारू. बारीक किरण, चारी बाजूंनी, नेमके गाठीवर. रोज एकदा, आठवड्याचे पाच दिवस, असे पस्तीस वेळा. मात्र सुरुवात लवकर व्हायला हवी. नसांवर दाब आला तर पायाची ताकद जाईल."

मास्तरांनी खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं. हे पाय मशीनचे होते. "मापं कोण घेणार?" त्यांनी विचारलं.

"मी."

बाईंच्या पांढऱ्या कोटाचे खांदे दोन बोटं उतरलेले होते, हे मास्तरांनी आल्याआल्याच हेरलं होतं. पण तो कोट बाईंनी शिवलेला नव्हता. त्यांनी विश्वास टाकला.

पुढचे दहा दिवस सगळं कसं झटपट झालं. पालथं झोपवून मास्तरांच्या अंगाचा साचा घेतला, पुन्हा स्कॅन झाला, कमरेवर चार बारीक ठिपके गोंदले, संगणकावर किरणांचा बेत ठरला आणि दोनदा तपासला गेला. "आमची तयारी पूर्ण आहे," बाई म्हणाल्या. "आता फक्त खाली चार नंबरच्या खिडकीवर नोंदणी करून या. पाच मिनिटांचं काम."

मास्तर खाली गेले, आणि इथून आपली गोष्ट सुरू होते.

चार नंबरच्या खिडकीमागे जे गृहस्थ बसत, त्यांना सगळं रुग्णालय रकानेसाहेब म्हणत असे. हे त्यांचं आडनाव नव्हतं, कर्तृत्व होतं. माणूस वाईट नव्हता. कुणावर कधी ओरडला नाही, कुणाकडून कधी चहासुद्धा घेतला नाही. फक्त जगात जे जे आहे त्यासाठी एक रकाना आहे, आणि ज्याला रकाना नाही ते जगात नाही, अशी त्यांची निर्मळ श्रद्धा होती.

"रोग?" रकानेसाहेबांनी विचारलं. मास्तरांनी कागद सरकवला. रकानेसाहेबांनी यादी वरून खाली पाहिली, मग खालून वर पाहिली. "यादीत एक्केचाळीस रोग आहेत. हा नाही."

"मग 'इतर'मध्ये घाला."

"'इतर' गेल्या वर्षी बंद केलं. फार लोक त्यात जायला लागले होते." त्यांनी कागद परत केला. "तुमचा रोग निकषांत बसत नाही."

"मीही बसत नाही," मास्तर म्हणाले.

हे रकानेसाहेबांच्या आत्ताच लक्षात आलं, आणि त्यांचा चेहरा काळजीने झाकोळला. कारण रुग्णालयात नुकतीच 'प्रतीक्षा-शिस्त योजना' लागू झाली होती. दालनातल्या प्रत्येक खुर्चीला क्रमांक होता. खुर्चीवर भार पडला की खिडकीतल्या पडद्यावर त्या क्रमांकाचा दिवा लागे, समोरचा कॅमेरा फोटो काढी, आणि रुग्ण उपस्थित असल्याची नोंद होई. परिपत्रकात स्पष्ट म्हटलं होतं : जो बसलेला नाही, तो आलेला नाही.

"पण मी तुमच्यासमोर उभा आहे की!"

"मला दिसताय हो, काका," रकानेसाहेब कळवळून म्हणाले. "संगणकाला नाही दिसत."

तेव्हा मास्तरांच्या बायकोने आयुष्यभर जे केलं तेच केलं. नवऱ्याचं अडलेलं काम हातात घेतलं. "मी बसते त्यांच्या जागी," असं म्हणून ती सत्तावीस नंबरच्या खुर्चीत बसली. दिवा लागला. फोटो निघाला. खिडकीतून एक जाडजूड फाइल बाहेर आली. तिच्यावर नाव मास्तरांचं होतं, चेहरा बायकोचा होता, आणि लिंगाच्या रकान्यात संगणकाने फोटो पाहून स्वतःच 'स्त्री' असं भरलं होतं.

"हे दुरुस्त करा," मास्तर म्हणाले.

"करू की. दुरुस्तीसाठी रुग्णाने समक्ष येऊन बसावं लागतं."

फाइल स्त्रीची झाल्यावर पुढचं ओघानेच आलं. किरण घेण्याआधी प्रत्येक स्त्री रुग्णाने गरोदर नसल्याचा दाखला देणं बंधनकारक होतं, आणि हा नियम चांगलाच होता; त्याने अनेक बाळं सुखरूप राहिली होती. मास्तरांचं वय एकसष्ट आणि मिशा भरघोस, या दोन्ही गोष्टींसाठी अर्जात जागा नव्हती. रकानेसाहेब खाली मान घालून प्रश्न वाचू लागले.

"शेवटची पाळी कधी आली?"

"अहो, पहिलीच अजून आलेली नाही," मास्तर म्हणाले. "ती यावी म्हणून तर सकाळपासून उभा आहे."

रकानेसाहेबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. चार दिवसांनी मास्तरांना स्त्रीरोग विभागाचं पत्र आलं. पाळी मुळीच न येणं ही बाब गंभीर असून आपण दुर्लक्ष करू नये, असं त्यात आपुलकीने लिहिलं होतं.

रोगाला रकाना नसल्याचा प्रश्न मात्र तसाच होता. त्यासाठी दुसऱ्या मजल्यावर 'दुर्मिळ रोग सुलभीकरण कक्ष' होता. तो मंगळवारी दुपारी उघडे. मास्तर एकेक पायरी मोजत वर गेले. कक्षात भलंमोठं टेबल होतं आणि टेबलामागे रकानेसाहेब होते.

"या. कोणी पाठवलं तुम्हाला?"

"तुम्हीच की! सकाळी, खालून."

"सकाळचं कार्यालय वेगळं," रकानेसाहेब म्हणाले. "या कक्षाचा माझ्याकडे अतिरिक्त कार्यभार आहे. इथे मी तुम्हाला आज पहिल्यांदाच भेटतोय." आणि त्यांनी खरोखरच पहिल्यांदा भेटावं तशी विचारपूस केली, पंखा मोठा केला, एक कोरा अर्ज पुढे ठेवला. अर्जाच्या शेवटी अट होती : रोग दुर्मिळ असल्याचा पुरावा म्हणून त्याच रोगाच्या किमान दोन अन्य रुग्णांच्या सह्या जोडाव्यात.

मास्तरांनी अट दोनदा वाचली. "साहेब, आणखी दोघं सापडले तर रोग दुर्मिळ कसला?"

"बरोबर. मग तुम्ही साधारण रुग्ण. खाली चार नंबरच्या खिडकीवर जायचं."

"आणि नाही सापडले तर?"

"मग अर्ज अपूर्ण."

"म्हणजे दोन्हीकडून नाहीच."

"असं निराश होऊ नका, काका. दोन्हीकडून प्रक्रिया सुरू आहे."

मास्तर खाली उतरले ते थेट डॉक्टरीणबाईंकडे. आता दुखणं अशा थराला गेलं होतं की त्यांना बसता येत नव्हतं, उताणं निजता येत नव्हतं, आणि उभ्याउभ्या डुलकी लागली की कपाळ दाराला आपटत होतं. बाईंनी त्यांना कुशीवर झोपवलं आणि विचारलं, "शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होणार नाही असं. किती दुखतंय?"

"आठ."

बाईंनी संगणकावर आठ लिहिले. संगणकाने ते पुसले आणि खाली लाल अक्षरांत संदेश दाखवला : हे दुखणे या रुग्णालयात उपलब्ध नाही.

रुग्णालय त्या वर्षी 'वेदनामुक्त रुग्णालय' या मानांकनाच्या स्पर्धेत होतं. वेदना कमी करण्याचे दोन उपाय असतात. एक औषधाचा, त्याला माणसं लागतात, वेळ लागतो. दुसरा मोजपट्टी कापण्याचा. व्यवस्थापनाने चारच्या पुढचे आकडे काढून टाकले होते, आणि एका महिन्यात वेदना निम्म्याहून खाली आल्या होत्या. मास्तरांना हे ऐकून हसू आलं. "आमच्यातही एक जण होता असा," ते म्हणाले. "पोट सुटलेल्या गिऱ्हाइकाला खूश करायला टेपच ताणून धरायचा. शेवटी पँट फाटायची ती फाटायचीच."

"मॉर्फिन द्यायला आठ लागतात," बाई पुटपुटल्या. मग त्यांनी चष्मा वर सरकवला. "मास्तर, उभं असताना दुखतं?"

"दुखतं."

"चार. आणि बसल्यावर?"

"बसवतच नाही."

"चार." त्यांनी दोन वेगवेगळ्या नोंदी केल्या आणि बेरजेचं बटण दाबलं. संगणकाला बेरीज करायला कुणी मनाई केली नव्हती. आठ झाले. औषधाची चिठ्ठी निघाली.

"पण या गोळ्यांची सवय लागते म्हणतात," बायकोने हळूच विचारलं.

"काकू, त्यांना दुखण्याची सवय लागली आहे. ती आधी मोडू. मोजून देते मी, आणि रोज विचारते."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर मास्तर कुशीवर आडवे झाले आणि सलग तीन तास झोपले. पाच महिन्यांत प्रथमच. बायको दाराशी बसून त्यांचं घोरणं ऐकत राहिली. एरवी याच घोरण्यावरून तिने तीस वर्षं भांडण केलं होतं. त्या दुपारी मात्र शेजारीण गप्पा मारायला आली, तर तिने ओठांवर बोट ठेवून तिला परत पाठवलं.

औषधाने दुखणं दबलं, पण गाठ काही औषध घेऊन झोपली नव्हती. आठवड्याभरात मास्तरांच्या डाव्या पायाचा अंगठा बधिर झाला. चप्पल निसटून मागे राहिली तरी कळेना. बाईंनी टाचणीने पाय तपासला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदाच पुसलं गेलं. "आता थांबता येणार नाही," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी या. मी अधीक्षकांशी बोलते."

पण दुसऱ्या दिवशी सकाळी अधीक्षकांना कुणाशीच बोलायला वेळ नव्हता. मानांकनाची पाहणी समिती येणार होती. भिंती पुसल्या होत्या, झाडांच्या पानांवर पाणी मारलं होतं, आणि रुग्णालय स्वच्छ, शांत व वेदनामुक्त दिसावं म्हणून एक दूरदर्शी निर्णय झाला होता : रुग्णांना सुट्टी. रकानेसाहेबांनी उपस्थितांची यादी काढून एकेकाला नम्रपणे घरी पाठवलं. दालन रिकामं झालं. फक्त मास्तर खांबाशी उभे होते. त्यांना पाठवणं शक्यच नव्हतं. जो नियमानुसार आलेलाच नाही, त्याला परत कसं पाठवणार?

समितीचे अध्यक्ष उंच आणि उत्साही गृहस्थ होते. त्यांनी रिकाम्या खुर्च्या पाहून समाधानाने मान डोलावली आणि मग मास्तरांकडे बोट केलं. "हे उभे का?"

"आपल्या स्वागतासाठी," रकानेसाहेब म्हणाले. खोटं बोलण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती. त्यांचे कान लाल झाले.

अध्यक्षांना भरून आलं. त्यांनी मास्तरांचा हात हातात घेतला. "काय म्हणता? कसं आहे इथे?"

"फार अगत्य आहे, साहेब," मास्तर म्हणाले. "जो तो बसाच म्हणतो."

अध्यक्षांनी हे वाक्य वहीत टिपून घेतलं. मग मंडळी किरणोपचार विभागात आली. नवं कोरं यंत्र पाहून अध्यक्ष म्हणाले, "हे चालू स्थितीत पाहायचं आहे. आमच्या तपासणीपत्रात तसं कलम आहे."

रकानेसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. यंत्र होतं, वीज होती, तंत्रज्ञ होती. सगळ्या रुग्णालयात रुग्ण तेवढा नव्हता. अधीक्षकांनी खाकरून पाहिलं. आणि तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. "एक रुग्ण आहे. साचा तयार आहे, बेत तपासलेला आहे. फक्त नोंदणी राहिली आहे."

"नोंदणीचं काय एवढं? पाच मिनिटांचं काम!" अध्यक्ष म्हणाले. "घ्या त्यांना."

मास्तर साच्यात पालथे झोपले. तो त्यांच्या अंगाला असा बसला की त्यांना मनातल्या मनात दाद द्यावी लागली. तंत्रज्ञ तरुणीने भिंतींवरच्या हिरव्या रेषा त्यांच्या कमरेवरच्या ठिपक्यांशी जुळवल्या.

"ताई," मास्तर उशीत तोंड खुपसून तिला म्हणाले, "डावीकडचं सूतभर सरकलंय."

"कशावरून?"

"एकोणचाळीस वर्षं दुसऱ्यांच्या कमरा सरळ करतोय. स्वतःची वाकडी आहे ते कळतं."

तिने हसत हसत यंत्रावर चित्र घेऊन पाहिलं, आणि मग हसणं थांबवून टेबल अगदी थोडं सरकवलं. तीन मिलिमीटर. सगळे बाहेर गेले, जाड दार लागलं. खोलीत मास्तर एकटेच उरले. यंत्र घरघरत त्यांच्याभोवती फिरू लागलं, आणि मास्तरांच्या मनात आलं की आज आयुष्यात पहिल्यांदाच आपण मशीनच्या दुसऱ्या बाजूला आहोत. सुईखालचं कापड आहोत. कापडाने हलायचं नसतं. ते हलले नाहीत.

"झालं," दार उघडून डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"झालं? मला तर काहीच कळलं नाही."

"कळू नये म्हणूनच तर एवढी मापं घेतली."

दुसऱ्या दिवशी मास्तर हजर झाले तेव्हा रकानेसाहेब खिडकी सोडून आडवे आले. प्रात्यक्षिक संपलं होतं, नोंदणी नव्हती, रकाना नव्हता. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे त्यांच्यापुढे एक परिपत्रक धरलं. कलम सतरा : एकदा सुरू केलेले किरणोपचार कोणत्याही प्रशासकीय कारणास्तव खंडित करू नयेत. खाली सही रकानेसाहेबांची होती.

"खाडा पडला तर गाठ पुन्हा डोकं वर काढते," बाई म्हणाल्या. "म्हणून हे कलम मीच घालायला लावलं होतं. तुम्ही ते टाइप केलंत."

रकानेसाहेबांनी स्वतःची सही निरखून पाहिली. माणूस नियमाला पक्का होता. ते जागेवर गेले, यादी उघडली, बराच वेळ पडद्याकडे बघत बसले, आणि एक्केचाळिसाव्या ओळीखाली त्यांनी एक नवी ओळ आखली. "वीस वर्षं इथे आहे, काका," ते मास्तरांना म्हणाले. "रकाने भरत आलो. काढला आज पहिल्यांदा." आणि त्यांनी डोळ्यांत काही गेल्यासारखं दाखवत चष्मा पुसला.

सात आठवड्यांत पस्तीस फेऱ्या झाल्या. चौथ्या आठवड्यात कातडी लालभडक झाली, जेवण नकोसं झालं, जिना चढताना दम लागू लागला. बायकोने रोज डब्याबरोबर मलमही नेलं, या वेळी योग्य जागी लावायचं. हळूहळू अंगठ्याला चपलेचा पट्टा कळू लागला. गोळ्या निम्म्या झाल्या, मग पावच राहिल्या. निरोपाच्या कागदावर स्त्री रुग्ण म्हणून संगणकाने छापलं होतं : मातेची प्रकृती उत्तम. तो कागद बायकोने चौकट करून दुकानात लावला. चार महिन्यांनी बाईंनी नवा स्कॅन दाखवला. "गाठ तिथेच आहे, पण झोपली आहे. दर सहा महिन्यांनी आपण डोकावून बघायचं, जागी होत नाही ना म्हणून."

मास्तर पुन्हा स्टुलावर बसतात. सलग तासभर बसतात, मग उठून एक फेरी मारतात. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगतात, आणि गोष्ट ऐकून माणसं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात. परवा एक सद्गृहस्थ माप द्यायला आले होते. गरोदर नसल्याच्या दाखल्यापाशी तर ते मशीनला धरून खाली वाकले. "काय एकेक नमुने भरलेत!" ते म्हणाले. "अशाने माणसं मरायची, मास्तर. आपल्या लोकांना शिस्तच नाही."

मग त्यांनी डोळे पुसले, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बरं, आता तुमची तिथे चांगलीच ओळख झाली असेल. माझ्या मेव्हण्याला पुढच्या महिन्यातली तारीख दिली आहे. तेवढं त्या बाईंना सांगून जरा अलीकडे घेता येतं का बघा ना."

"तो पुढे आला की मागे कोण जाणार?" मास्तरांनी विचारलं.

"जाईल कुणीतरी," गृहस्थ हात हवेत उडवून म्हणाले. "आपल्या ओळखीचं थोडंच आहे ते?"

मास्तर म्हणतात, आजवर शंभर-सव्वाशे जणांनी ही गोष्ट ऐकली. हसले सगळेच. आणि हसून झाल्यावर सगळ्यांनीच आवाज खाली आणला.

आपणही मघापासून हसत आहात. तेव्हा संकोच करू नका. बोला, आपल्याकडचं कोण आहे?